जेम्स एजी

जेम्स रुफस एजी (२७ नोव्हेंबर १९०९ : नॉक्सव्हिल, टेनेसी, अमेरिका – १६ मे १९५५ : न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन कवी, कादंबरीकार, पत्रकार, चित्रपट समीक्षक आणि पटकथाकार होते. १९४०च्या दशकात टाइम आणि द नेशन या साप्ताहिकांतून त्यांनी केलेल्या लेखनामुळे इंग्रजीतील चित्रपट समीक्षेला साहित्याचा दर्जा मिळाला, असे मानले जाते. जुन्या अमेरिकन चित्रपटांपैकी कोणते पाहण्याजोगे आहेत या वादात त्यांच्या मतांचा आजही आधार घेतला जातो, तसेच ती खोडूनही काढली जातात. बस्टर कीटन यांच्या विस्मृतीत गेलेल्या मूकपटांकडे लक्ष पुन्हा वळवण्यात एजी यांच्या १९४९ मधील एका लेखाचा मोठा वाटा होता. द आफ्रिकन क्वीन (१९५१) आणि द नाइट ऑफ द हंटर (१९५५) या चित्रपटांच्या पटकथांवर त्यांचे नाव आहे. अ डेथ इन द फॅमिली या कादंबरीसाठी त्यांना १९५८ सालचे पुलित्झर पारितोषिक मरणोत्तर देण्यात आले.

बालपण आणि शिक्षण

एजी यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरात झाला. वडील ह्यू जेम्स एजी डोंगराळ भागातील शेतकरी घराण्यातले होते, तर आई लॉरा टायलर शहरी, सुशिक्षित कुटुंबातील आणि अतिशय धार्मिक वृत्तीची होती. १८ मे १९१६ रोजी वडिलांचे मोटार अपघातात निधन झाले. त्या वेळी जेम्स सहा वर्षांचे होते. घरात त्यांना रुफस या मधल्या नावाने हाक मारत.

अ डेथ इन द फॅमिली ही कादंबरी बव्हंशी याच घटनेवर आधारलेली आहे. तिच्या आरंभी वडील रात्रीच्या जेवणानंतर लहान रुफसला घेऊन गावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात जातात. तेथे विल्यम एस. हार्ट यांचा पाश्चिमात्य धाटणीचा साहसपट आणि चार्ली चॅप्लिन यांचा लघुपट दाखवला जातो. चॅप्लिनचे हावभाव आईला असभ्य वाटतात आणि मुलाने ते पाहू नयेत असे तिचे मत असते. वडील ते हसण्यावारी नेतात. कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता पाहू नये, हा पुढे एजी यांचा व्यवसाय बनलेला वाद अशा रीतीने त्यांच्या कादंबरीत एका मध्यमवर्गीय घराच्या जेवणघरातच सुरू होतो.

वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी एजी यांना सुवानीजवळच्या सेंट अँड्र्यूज या निवासी शाळेत घालण्यात आले. ही शाळा एपिस्कोपल पंथाच्या मठवासीयांकडून चालवली जात असे. तेथील शिक्षक फादर जेम्स हॅरॉल्ड फ्लाय यांच्याशी त्यांचा जडलेला स्नेह आयुष्यभर टिकला. वडिलांच्या जागी एजी यांनी त्यांनाच मानले होते, असे दोघांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. १९२५ मध्ये एजी न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्झेटर अकादमीत दाखल झाले. तेथील माजी विद्यार्थी ड्वाइट मॅकडोनल्ड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यात पुस्तकांच्या बरोबरीने चित्रपटांची चर्चा होत असे. चित्रपट ही स्वतंत्र कला आहे का, हाच प्रश्न त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत गंभीर मानला जात नव्हता. एजी यांना मात्र शाळेच्या वयापासून त्याविषयी शंका नव्हती.

हार्वर्ड विद्यापीठात ते द हार्वर्ड ॲडव्होकेट या नियतकालिकाचे प्रमुख संपादक होते. त्यांच्या संपादनाखाली निघालेला टाइम साप्ताहिकाचा विडंबन अंक त्या साप्ताहिकाच्या चालकांच्या नजरेत भरला. १९३२ मध्ये पदवी मिळताच, मंदीच्या ऐन काळात, त्यांना टाइमच्याच मालकीच्या फॉर्च्यून या मासिकात नोकरी मिळाली. १९३४ मध्ये पर्मिट मी व्हॉयेज हा त्यांचा कवितासंग्रह येल विद्यापीठाच्या तरुण कवींसाठीच्या मालेत प्रसिद्ध झाला.

फॉर्च्यून आणि अलाबामा

१९३६ च्या उन्हाळ्यात फॉर्च्यूनने एजी आणि छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांना अलाबामा राज्यात कापूस पिकवणाऱ्या गोऱ्या कुळांच्या जीवनावर लेख तयार करण्यासाठी पाठवले. हेल काउंटीतील तीन कुटुंबांच्या सहवासात राहून त्यांनी सामग्री गोळा केली. मासिकाने तो लेख छापला नाही. एजी यांनी त्याचे पुस्तक करण्यास घेतले आणि ते लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेन या नावाने १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या जेमतेम सहाशे प्रती खपल्या.

या पुस्तकाचा चित्रपट समीक्षेशी वरवर संबंध नसला तरी एजी यांची दृष्टी त्यातच घडली. दुसऱ्याचे दुःख पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे का, आणि पाहायचेच असेल तर किती बारकाईने व किती आदराने, हा प्रश्न त्या पुस्तकात पानोपानी येतो. कॅमेरा हे त्यांना आपल्या काळाचे सर्वांत महत्त्वाचे साधन वाटत होते. पडद्यावरील खोटेपणाविषयी पुढे त्यांच्या लेखनात दिसणारी चीड येथूनच आलेली आहे.

याच सुमारास त्यांनी पटकथेच्या स्वरूपातील काही प्रायोगिक लेखनही केले. पार्टिझन रिव्ह्यूमध्ये १९३८ साली आलेल्या नॉक्सव्हिल : समर ऑफ १९१५ या गद्यरचनेतील मजकुराला संगीतकार सॅम्युअल बार्बर यांनी पुढे स्वरबद्ध केले.

एजी यांची तीन लग्ने झाली. पहिला विवाह १९३३ मध्ये ऑलिव्हिया सॉन्डर्स यांच्याशी आणि दुसरा १९३८ मध्ये अल्मा मेलमन यांच्याशी झाला. ते दोन्ही टिकले नाहीत. मिया फ्रित्श या त्यांच्या तिसऱ्या पत्नी होत.

चित्रपट समीक्षक

एजी १९३९ पासून टाइममध्ये पुस्तक परीक्षणे लिहीत होते. १९४१ मध्ये त्यांच्याकडे तेथील चित्रपटांचे सदर आले. डिसेंबर १९४२ पासून त्यांनी द नेशन या साप्ताहिकातही स्तंभ सुरू केला. दोन्ही ठिकाणचे काम १९४८ पर्यंत चालले. टाइममधील मजकूर निनावी असे, संपादक त्यावर हात फिरवत आणि तो सर्वसामान्य वाचकांसाठी असे. द नेशनमध्ये लेखकाचे नाव होते, वाचक थोडे होते आणि मोकळीक पूर्ण होती. त्यामुळे एकाच चित्रपटावर एजी यांनी दोन ठिकाणी दोन निराळ्या सुरांत लिहिल्याची उदाहरणे आढळतात. त्यांचे खरे मत शोधणारे अभ्यासक सहसा द नेशनकडे वळतात.

द नेशनमधील पहिल्याच स्तंभात त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली होती. आपण या क्षेत्रातील व्यावसायिक नाही, चित्रपट कसे बनतात याचे आपले ज्ञान अपुरे आहे, लहानपणापासून चित्रपट पाहणाऱ्या आणि त्यांवर बोलत बसणाऱ्या वाचकाच्याच जागी आपण आहोत, असे त्यांनी मांडले. हा विनय कृतक नव्हता. त्यांचे स्तंभ वाचताना निकालपत्रापेक्षा रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पांची आठवण होते: एक मत मांडायचे, त्याला मुरड घालायची, मग त्या मुरडीवरही शंका घ्यायची. त्यांची वाक्ये लांबत जातात आणि काही वेळा वाचकाला दमवतात. उलट, जेथे चित्रपट दोन ओळींच्याही योग्यतेचा वाटला नाही तेथे त्यांनी खरोखरच तेवढेच लिहिले. १९४८ मधील एका संगीतप्रधान चित्रपटाचे परीक्षण त्यांनी शीर्षकालाच चार शब्दांत उत्तर देऊन संपवले होते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४४ मध्ये द नेशनच्या संपादकांना पत्र लिहून या स्तंभाचा गौरव केला. आपल्याला चित्रपटांची फारशी आवड नसतानाही आपण तो न चुकता वाचतो, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र पुढे एजी यांच्या समीक्षा संग्रहाला जोडण्यात आले.

निवड आणि निकष

आज ज्यांना अमेरिकन चित्रपटसृष्टीतील अभिजात कृती म्हटले जाते, त्यांपैकी बऱ्याच एजी यांनी प्रदर्शनाच्या आठवड्यात, कोणतीही कीर्ती चिकटण्यापूर्वी पाहिल्या. त्यामुळे त्यांची मते वाचताना आजच्या वाचकाला अनेकदा धक्का बसतो. कासाब्लांका (१९४२) त्यांना आवडला होता. पण त्याला गंभीर कलाकृतीची प्रतिष्ठा का मिळू लागली आहे हे त्यांना समजत नव्हते आणि तसे त्यांनी लिहिलेही. फ्रँक काप्रा यांचा इट्स अ वंडरफुल लाइफ (१९४६) भावना हेलावणारा आणि कुशलतेने रचलेला असला तरी त्यातील गोडवा त्यांना संशयास्पद वाटला. प्रदर्शनाच्या वेळी फारसा न चाललेला हा चित्रपट १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवला जाऊ लागला आणि अमेरिकेत नाताळचा अविभाज्य भाग बनला. एजी यांचा आक्षेप मात्र तेव्हाच्याइतकाच आजही वादाला विषय पुरवतो.

विल्यम वायलर यांच्या द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज (१९४६) या चित्रपटावर त्यांनी सलग दोन स्तंभ लिहिले. युद्धावरून घरी परतलेल्या तीन सैनिकांची ही कथा आहे. पहिल्या स्तंभात एजी यांनी तिच्यातील तडजोडी, सोयीस्कर योगायोग आणि बोटचेपेपणा यांचा पाढा वाचला. नंतर मात्र हे सारे मान्य करूनही, गेल्या काही वर्षांत इतका समाधान देणारा आणि हेलावून टाकणारा दुसरा हॉलिवूडपट आपण क्वचितच पाहिला, असे म्हटले. दोषांची यादी आणि प्रेम या दोन गोष्टी एकमेकींना रद्द करत नाहीत, ही त्यांची समीक्षेतील धारणा येथे सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांचे टीकाकार यालाच त्यांचा डळमळीतपणा म्हणतात.

प्रेस्टन स्टर्जेस यांच्या विनोदी चित्रपटांतील बुद्धिचापल्य त्यांना मोहवत असे. पण स्टर्जेस स्वतःच्या प्रतिभेला न्याय देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. व्हाल लूटन यांनी अल्प खर्चात काढलेल्या भयपटांत त्यांना मोठ्या चित्रपटसंस्थांच्या प्रतिष्ठित निर्मितींपेक्षा अधिक कविता आढळली. त्या काळातील बहुतेक समीक्षक असे चित्रपट पाहतही नसत. विल्यम वेलमन यांचा द स्टोरी ऑफ जी. आय. जो (१९४५), जॉन ह्यूस्टन यांचा द बॅटल ऑफ सान पिएत्रो (१९४५) हा युद्धविषयक माहितीपट आणि त्यांचाच द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे (१९४८) हे त्यांच्या विशेष आवडीचे होते. अमेरिकेबाहेरच्या चित्रपटांपैकी फ्रेंच दिग्दर्शक झाँ व्हिगो आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या हेन्री द फिफ्थ यांवर त्यांनी आवर्जून लिहिले.

पाहण्याजोगे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ रुचीचा नव्हता. मार्च १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईचे वृत्तपट अमेरिकन चित्रपटगृहांत दाखवले गेले. त्यांतील चित्रीकरणाची एजी यांनी मनापासून प्रशंसा केली आणि लगेच त्याच लेखात अशी दृश्ये पाहण्याचा आपल्याला काय अधिकार आहे, असा प्रश्न विचारला. ज्या यातनांत आपला वाटा नाही त्या सुरक्षित खुर्चीत बसून पाहिल्याने माणसाचे अधःपतन होते, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. चांगला असूनही कदाचित पाहू नये अशा चित्रपटाचा विचार करणारे समीक्षक त्या काळात विरळा होते.

मस्यू व्हेर्दू

एप्रिल १९४७ मध्ये चार्ली चॅप्लिन यांचा मस्यू व्हेर्दू प्रदर्शित झाला. नोकरी गेल्यावर श्रीमंत स्त्रियांशी लग्न करून त्यांचे खून करणाऱ्या एका सभ्य गृहस्थाची ही कथा प्रेक्षकांना रुचली नाही. चॅप्लिन यांच्या डाव्या विचारांवरून आणि अमेरिकन नागरिकत्व न घेतल्यावरून त्यांच्याविरुद्ध आधीच मोहीम सुरू होती. न्यू यॉर्कमधील वार्ताहर परिषदेत चित्रपटाऐवजी चॅप्लिन यांची राजकीय मते आणि देशनिष्ठा यांवर प्रश्नांचा भडिमार झाला. सज्जात बसलेल्या एजी यांनी उठून स्वातंत्र्याचा अभिमान मिरवणाऱ्या देशातील नागरिक एका कलावंताच्या खासगी मतांची अशी झडती घेतात, या विसंगतीवर बोट ठेवले. संतापाने त्यांचे बोलणे अडखळत होते. ही घटना चॅप्लिन यांनी नंतर आत्मचरित्रात नोंदवली आहे.

त्यानंतर एजी यांनी द नेशनमध्ये या एकाच चित्रपटावर मे आणि जून महिन्यांत तीन भागांत लेख लिहिला. त्यांच्या समग्र समीक्षेत एवढी जागा दुसऱ्या कोणत्याही नव्या चित्रपटाला मिळालेली नाही. चित्रपटावरचे आक्षेप एकेक करून घेऊन त्यांनी त्यांना उत्तरे दिली आणि व्हेर्दूच्या दुहेरी आयुष्यात आधुनिक व्यापारी जगाचे चित्र पाहिले. तरीही हा चित्रपट अमेरिकेत चालला नाही. वितरकांनी तो लवकरच मागे घेतला. १९५२ मध्ये चॅप्लिन अमेरिकेबाहेर गेले असता त्यांना पुन्हा प्रवेश देण्याबाबत अडथळे निर्माण करण्यात आले.

या काळात एजी यांनी चॅप्लिनसाठी एक पटकथा लिहायला घेतली होती. अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या जगात चॅप्लिनचा भटक्या एकटा उरतो, अशी तिची कल्पना होती. तिचा चित्रपट झाला नाही. हिरोशिमानंतरच्या आठवड्यांत टाइमच्या ऑगस्ट १९४५ च्या अंकातील अणुबाँबवरचा अग्रलेखवजा मजकूर एजी यांनीच लिहिला होता, हे लक्षात घेता त्या विषयाने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता असे दिसते.

ग्रिफिथ आणि वर्णद्वेषाचा प्रश्न

जुलै १९४८ मध्ये दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे निधन झाले. त्यानंतर द नेशनमध्ये आलेला एजी यांचा मृत्युलेख हा त्यांच्या सर्वाधिक वादग्रस्त लेखनापैकी एक आहे. चित्रपटाची भाषाच ग्रिफिथ यांनी घडवली, त्यांचे काम पाहणे म्हणजे एखाद्या कलेचा जन्म पाहणे, अशी त्यांची मांडणी होती. मात्र द बर्थ ऑफ अ नेशन (१९१५) या चित्रपटात कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेला तारणहार म्हणून दाखवले आहे आणि कृष्णवर्णीयांचे चित्रण विखारी आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने प्रदर्शनापासूनच त्याला विरोध केला होता. १९४० च्या दशकात त्याचे खेळ निषेधाशिवाय होत नसत.

एजी यांचे म्हणणे असे की, हा चित्रपट कृष्णवर्णीयांविरुद्ध असता तरी इतक्या उच्च दर्जाची कृती संपूर्ण दाखवलीच पाहिजे. येथेच ते थांबले असते तर त्यांच्या भूमिकेला आजही अनेकांचा पाठिंबा मिळाला असता. पण पुढे जाऊन त्यांनी हा आरोपच अन्यायकारक ठरवला आणि ग्रिफिथ यांनी आपल्या समजुतीप्रमाणे कृष्णवर्णीयांशी न्यायाने वागण्याची पराकाष्ठा केली, असे लिहिले. हे विधान टिकणारे नाही. अलाबामातील गरीब गोऱ्या कुळांच्या वेदना टिपणारा लेखक येथे आपल्याच दक्षिणी संस्कारांच्या मर्यादेत अडकला, असे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते.

हा वाद मिटलेला नाही. १९९२ मध्ये द बर्थ ऑफ अ नेशनचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला, तर १९९९ मध्ये अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्काराला दिलेले ग्रिफिथ यांचे नाव काढून टाकले. चित्रपट जपून ठेवायचा, पण त्याच्या कर्त्याचा गौरव करायचा नाही, ही भूमिका एजी यांना कदाचित पटली नसती.

कॉमेडीज ग्रेटेस्ट एरा

१९४८ मध्ये टाइम आणि द नेशन या दोन्ही ठिकाणचे काम सोडल्यावर एजी यांनी लाइफ साप्ताहिकासाठी मूकपटांतील विनोदावर दीर्घ लेख हाती घेतला. कॉमेडीज ग्रेटेस्ट एरा या शीर्षकाने तो ५ सप्टेंबर १९४९ च्या अंकात छापून आला. बोलपट येऊन त्या वेळी वीस वर्षेच झाली होती. परंतु तेवढ्या काळात मूकपट सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्याबाहेर गेले होते. चित्रपटगृहे ते दाखवत नसत, दूरचित्रवाणी बाल्यावस्थेत होती आणि न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासारख्या मोजक्या ठिकाणी त्यांच्या प्रती पाहायला मिळत. मूकपट म्हणजे हातपाय झाडणाऱ्या माणसांचे बालिश खेळ, असा समज रूढ झाला होता. नवे सगळे जुन्यापेक्षा सुधारलेले असते, या गृहीतकावरच एजी यांचा रोख होता.

लेखाच्या सुरुवातीला ते हसण्याच्या चढत्या पायऱ्या सांगतात आणि मूकपटातील नट प्रेक्षकाला त्या कशा चढायला लावत याचे वर्णन करतात. त्यानंतर मॅक सेनेट यांच्या चित्रपटसंस्थेचा आढावा घेऊन ते चॅप्लिन, हॅरॉल्ड लॉइड, हॅरी लँग्डन आणि बस्टर कीटन या चौघांकडे वळतात. लँग्डन यांचे १९४४ मध्येच निधन झाले होते. या चौघांच्या तुलनेसाठी एजी यांनी बॉब होप यांचा नुकताच गाजलेला द पेलफेस (१९४८) निवडला आणि त्यातील विनोदाच्या जागा कशा वाया गेल्या आहेत हे दाखवून दिले. चॅप्लिनच्या सिटी लाइट्स (१९३१) या चित्रपटाच्या अखेरच्या प्रसंगाला त्यांनी चित्रपटातील अभिनयाचे सर्वोच्च शिखर मानले.

परंतु लेखातील सर्वांत परिणामकारक भाग कीटन यांच्यावरचा होता. चॅप्लिनची थोरवी सर्वमान्य होती, तर कीटन यांना त्या वेळी जवळजवळ विसरले गेले होते. द जनरल (१९२६) हा यादवी युद्धातील आगगाडीच्या पाठलागावरचा त्यांचा महत्त्वाकांक्षी चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी समीक्षकांनाही फारसा आवडला नव्हता आणि त्याचा खर्चही भरून निघाला नव्हता. १९२८ मध्ये कीटन एमजीएम या कंपनीत गेले आणि त्यांचे निर्मितीस्वातंत्र्य संपले. १९४० च्या दशकात ते त्याच कंपनीत इतरांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग सुचवण्याचे काम करत होते. एजी यांनी त्यांच्या निर्विकार चेहऱ्यामागील सूक्ष्म हालचाली, विनोदाच्या तळाशी असलेला खिन्नपणा आणि द जनरलमधील दृश्यांचे स्तब्ध सौंदर्य यांकडे लक्ष वेधले. यादवी युद्धाची छायाचित्रे काढणाऱ्या मॅथ्यू ब्रेडी यांच्या कामाशी त्यांनी या दृश्यांची तुलना केली. विनोदी नटाच्या चित्रपटाविषयी असे बोलण्याची पद्धत तोवर नव्हती.

या लेखाला लाइफच्या इतिहासातील सर्वाधिक प्रतिसादांपैकी एक प्रतिसाद मिळाला. कीटन यांच्या पुनरुज्जीवनाचे सारे श्रेय एजी यांना देणे योग्य ठरणार नाही. १९५० च्या दशकात रेमंड रोहॉर यांनी कीटन यांच्या चित्रपटांच्या प्रती गोळा करून त्यांचे खेळ लावले नसते, तर पाहायला काही उरलेच नसते. पण ते पाहण्याजोगे आहेत हे लोकांना आधी कोणीतरी पटवून द्यावे लागले. कीटन यांना १९६० मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळाले. साइट अँड साउंड या ब्रिटिश मासिकाने जगभरातील समीक्षकांकडून घेतलेल्या १९७२ आणि १९८२ च्या कौलांत द जनरल पहिल्या दहा चित्रपटांत होता.

पटकथालेखन

समीक्षा सोडून चित्रपट बनवण्याकडे वळण्याची एजी यांची इच्छा जुनी होती. द क्वायट वन (१९४८) या हार्लेममधील एका एकाकी मुलावरच्या चित्रपटाचे निवेदन त्यांनी लिहिले. त्याच सुमारास छायाचित्रकार हेलन लेव्हिट आणि जॅनिस लोब यांच्यासह त्यांनी न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर इन द स्ट्रीट हा लघुपट चित्रित केला.

१९५० मध्ये त्यांनी लाइफमध्ये जॉन ह्यूस्टन यांच्यावर गौरवपर लेख लिहिला आणि लगोलग ह्यूस्टन यांनी त्यांना द आफ्रिकन क्वीनच्या पटकथेसाठी बोलावले. समीक्षकाने ज्याची स्तुती केली त्याच्याच नोकरीत शिरावे, याबद्दल त्या काळात कोणी फारशी तक्रार केली नाही. कॅलिफोर्नियात ह्यूस्टन यांच्यासोबत रात्री उशिरापर्यंत लेखन आणि सकाळी टेनिस असा क्रम सुरू असताना जानेवारी १९५१ मध्ये एजी यांना हृदयविकाराचा पहिला मोठा झटका आला. त्यामुळे शेवटचा भाग इतरांना पुरा करावा लागला. या पटकथेसाठी एजी आणि ह्यूस्टन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

प्रकृती सांभाळण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. मद्यपान, धूम्रपान आणि जागरणे सुरूच राहिली. द मॉर्निंग वॉच ही लघुकादंबरी १९५१ मध्ये निघाली. १९५२-५३ मध्ये ऑम्निबस या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी त्यांनी अब्राहम लिंकन यांच्या तरुणपणावर मालिका लिहिली. तीत त्यांनी ॲन रटलेज यांच्याशी लिंकन यांचे प्रेम असल्याची आख्यायिका वापरली. त्यावरून इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांच्याशी त्यांचा दूरचित्रवाणीवरच वाद झाला.

द नाइट ऑफ द हंटर हे त्यांचे अखेरचे मोठे काम होय. डेव्हिस ग्रब यांच्या कादंबरीवरून बेतलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन अभिनेते चार्ल्स लॉटन यांनी केले आणि धर्मोपदेशकाच्या वेषातील खुन्याची भूमिका रॉबर्ट मिचम यांनी केली. तयारीसाठी लॉटन यांनी आधुनिक कला संग्रहालयात ग्रिफिथ यांचे मूकपट पाहिले आणि ग्रिफिथ यांच्या नायिका लिलियन गिश यांना महत्त्वाची भूमिका दिली. एजी यांची संहिता प्रमाणाबाहेर लांब आणि निरुपयोगी होती, ती लॉटन यांनी जवळजवळ नव्याने लिहिली, अशी आख्यायिका अनेक दशके प्रचलित होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एजी यांचा मूळ खर्डा सापडला. तो लांब होता हे खरे. पण चित्रपटातील प्रसंगांचा क्रम आणि बरेचसे संवाद त्यात आधीपासून असल्याचे त्यावरून दिसून आले.

मृत्यू

१६ मे १९५५ रोजी न्यू यॉर्कमध्ये डॉक्टरांकडे जात असताना टॅक्सीतच एजी यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते ४५ वर्षांचे होते. वडिलांच्या मृत्यूला दोन दिवसांनी ३९ वर्षे पूर्ण होणार होती. न्यू यॉर्क राज्यातील हिल्सडेल येथील त्यांच्या शेतावर त्यांचे दफन करण्यात आले. द नाइट ऑफ द हंटर त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी प्रदर्शित झाला आणि सपशेल पडला. लॉटन यांनी पुन्हा दिग्दर्शन केले नाही.

मरणोत्तर प्रसिद्धी आणि वाद

एजी यांच्या हयातीत त्यांच्या समीक्षांचे पुस्तक नव्हते. त्यांची कीर्ती मुख्यतः मृत्यूनंतरची आहे. अपुरी राहिलेली अ डेथ इन द फॅमिली डेव्हिड मॅकडॉवेल यांनी संपादित करून १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. ऑल द वे होम हे तिचे नाट्यरूपांतर १९६० मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यालाही पुलित्झर मिळाले. १९५८ मध्ये एजी ऑन फिल्म हा समीक्षासंग्रह निघाला; त्याच्या दुसऱ्या खंडात पटकथा आल्या. १९६० मध्ये पुन्हा छापलेल्या लेट अस नाऊ प्रेझ फेमस मेनला या वेळी मोठा वाचकवर्ग लाभला. फादर फ्लाय यांना लिहिलेली पत्रे १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली.

समीक्षासंग्रह हाती आल्यावर नव्या पिढीने एजी यांचे निकाल तपासायला घेतले. द नेशनमध्ये त्यांच्यानंतर स्तंभ लिहिणारे मॅनी फार्बर हे त्यांचे मित्र होते. एजी यांच्याभोवती निर्माण झालेल्या भक्तिभावाची त्यांनी एका लेखात यथेच्छ टिंगल केली. दिग्दर्शकालाच चित्रपटाचा खरा कर्ता मानणाऱ्या अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ मध्ये द अमेरिकन सिनेमा या ग्रंथात दिग्दर्शकांची प्रतवारी लावली. तीत ग्रिफिथ, चॅप्लिन आणि कीटन यांना सर्वोच्च स्थान मिळाले. ते एजी यांच्या मताशी जुळणारे होते. पण एजी यांचे लाडके ह्यूस्टन आणि वायलर यांना सॅरिस यांनी दिसतात त्यापेक्षा उणे अशा गटात टाकले. ह्यूस्टन यांच्याबाबत कोण बरोबर होते यावर अजूनही दोन तट आहेत.

राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीच्या १९८९ मधील पहिल्या यादीत द जनरल आणि द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज यांच्यासोबत कासाब्लांकाही होता. द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे आणि इट्स अ वंडरफुल लाइफ १९९० मध्ये एकत्रच दाखल झाले. द नाइट ऑफ द हंटर १९९२ मध्ये त्या नोंदवहीत आला आणि काहिए द्यु सिनेमा या फ्रेंच मासिकाच्या २००८ मधील यादीत त्याला दुसरे स्थान मिळाले. लायब्ररी ऑफ अमेरिकाने २००५ मध्ये एजी यांचे निवडक लेखन दोन खंडांत प्रकाशित केले. नॉक्सव्हिलमध्ये ज्या भागात त्यांचे बालपण गेले तेथील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.